वातानुकूलित म्हणजे हवेशीर नव्हे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या स्थानिक पुरवणीत हल्ली दर आठवड्याला अभ्यासिकांच्या जाहिराती असतात. पूर्ण वातानुकूलित, साउंडप्रूफ, चोवीस तास खुली, वायफाय, सीसीटीव्ही, आरओचे पाणी, प्रत्येकाला स्वतंत्र चार्जिंग पॉइंट. एकाही जाहिरातीत खिडकीचा उल्लेख माझ्या पाहण्यात आला नाही. साउंडप्रूफ म्हटल्यावर तो येणार तरी कसा! मी आरोग्य खात्यात क्षयरोग पर्यवेक्षक म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहे. खिडकी कुठे आहे, कुठल्या बाजूला उघडते आणि तिच्यापुढे कोण बसलंय, हे पाहणं हा माझ्या नोकरीचाच भाग होता. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, काटछाट करायची झाली तर माझ्या तक्रारीला कात्री लावा, माहितीला नको.

माझा भाचा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. आमच्या तालुक्याच्या गावातल्या ज्या अभ्यासिकेत तो बसतो ती पूर्वी खताचं गोडाऊन होती. लांबट हॉल, प्लायवूडचे कप्पे करून साठेक मुलामुलींची सोय केलेली, दोन स्प्लिट एसी, आत-बाहेर करायला एकच काचेचा दरवाजा. मागच्या भिंतीला दोन खिडक्या आहेत, पण गारवा बाहेर जातो म्हणून त्यांना आतून थर्माकोल लावून वर चिकटपट्टी मारली आहे. भाच्याला डबा द्यायला गेले होते. दार उघडल्याबरोबर जो वास आला तो नोकरीत असताना मी शेकडो घरांतून घेतला आहे. वास कसला ते सांगता येत नाही. पुष्कळ माणसं पुष्कळ वेळ एका जागी बसली की येतो तो.

मुलाने मला कार्बन डायऑक्साइड मोजायचं एक छोटं यंत्र ऑनलाइन मागवून दिलं आहे. मोबाईलपेक्षा थोडं जाड. ते पर्समध्येच असतं (घरचे हसतात, हसू देत). आमच्या गच्चीवर ते ४३० च्या आसपास आकडा दाखवतं. म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४३० भाग. बाहेरच्या मोकळ्या हवेत हल्ली साधारण एवढाच असतो. अभ्यासिकेत भाच्याच्या टेबलावर पाच मिनिटं ठेवलं तेव्हा आकडा २,६०० च्या पुढे गेला होता.

आता हा वायू काही विषाणू नव्हे, आणि हे यंत्र विषाणू ओळखतही नाही. पण बंद खोलीत हा वायू वाढवणारं दुसरं काही नसेल, म्हणजे चूल नाही, गॅस नाही, तर तो येतो फक्त माणसांच्या छातीतून. आपण सोडलेल्या श्वासात तो जवळपास चार टक्के असतो, म्हणजे दहा लाखांत चाळीस हजार. खोलीतल्या आकड्यातून बाहेरचा आकडा वजा करायचा आणि उरलेल्याला चाळीस हजारांनी भागायचं. गणित सातवीतलं आहे. २,६०० ला उत्तर येतं साडेपाच टक्के. म्हणजे त्या खोलीत माझा भाचा घेत होता त्या साधारण अठरा श्वासांतला एक श्वास आधी दुसऱ्या कुणाच्या तरी फुप्फुसात जाऊन आलेला होता. त्या साठजणांत एकाला कोरोना, फ्लू किंवा क्षय असेल, तर त्याच्या श्वासाबरोबर काय काय बाहेर पडतं आणि ते कुठे जातं, हे समजून घ्यायला जगाने २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं घालवली. आपल्या राज्यात, सरकारी आकड्यांवरच विश्वास ठेवायचा तरी, सुमारे १ लाख ४८ हजार माणसं गेली.

पुण्यात ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले रुग्ण सापडले. आमच्या सांगली जिल्ह्यात महिन्याच्या अखेरीस इस्लामपूरला एकाच कुटुंबात आणि त्यांच्या संपर्कात वीसहून अधिक लोक बाधित निघाले, आणि सगळा जिल्हा घाबरून घरात बसला. त्यानंतर आपण काय काय केलं ते आठवून पाहा. भाजी सोड्याच्या पाण्यात बुडवली. दुधाची पिशवी साबणाने धुतली. नोटांना इस्त्री केली. सोसायट्यांच्या दारात सॅनिटायझरचे बोगदे उभे केले, ट्रॅक्टरला फवारणीचा पंप लावून रस्त्यांवर हायपोक्लोराइट हे जंतुनाशक मारलं. माणसांवर हे रसायन फवारू नका असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला १८ एप्रिलला पत्रक काढून सांगावं लागलं. आणि आपल्याला तर विसरता येणारच नाही, की त्याच सुमारास राज्य सरकारने काही दिवस घरोघरी वर्तमानपत्र टाकायलाच बंदी केली होती. कागदाने रोग येतो म्हणून! पुढे वर्षभराने, एप्रिल २०२१ मध्ये, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने हिशेब मांडला, तेव्हा दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून हा रोग होण्याची शक्यता दहा हजारांत एकापेक्षाही कमी निघाली.

हात धुणं वाईट असं मी म्हणत नाही. जुलाब, कावीळ, विषमज्वर यांसाठी हात धुतलेच पाहिजेत. पण सगळी बादली हातांवर ओतली आणि हवेसाठी थेंब ठेवला नाही.

चूक वरूनच आली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २८ मार्च २०२० ला ठणकावून सांगितलं की कोविड हवेतून पसरत नाही. त्यांचं म्हणणं असं की खोकताना-शिंकताना उडालेले थेंब जड असतात, ते तीन-सहा फुटांत खाली पडतात. त्यामुळे अंतर ठेवा, हात धुवा, पुरे. ‘दो गज की दूरी’ तिथूनच आली. पण थेंब सगळे एका आकाराचे नसतात. बोलताना, गाताना, नुसता श्वास सोडताना जे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात, ते विडीच्या धुरासारखे तरंगत राहतात. बंद खोलीत कोपऱ्यातल्या माणसाने विडी ओढली तर दुसऱ्या टोकाला वास जातो, तिथे सहा फुटांचं अंतर काही कामाचं नाही. आणि कोविडचा रुग्ण लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच हे कण सोडत असतो. दारात कपाळाला थर्मामीटर लावून तो सापडायचा कसा?

पुरावे तेव्हाच समोर येत होते. चीनमध्ये ग्वांगझू शहरातल्या एका हॉटेलात २४ जानेवारी २०२० ला, त्यांच्या नववर्षाच्या आदल्या दिवशी, तीन कुटुंबं शेजारशेजारच्या तीन टेबलांवर जेवत होती. त्यांतलं एक वुहानहून आलेलं. या तीन कुटुंबांतले मिळून दहाजण बाधित झाले. ती कुटुंबं एकमेकांना ओळखत नव्हती, सीसीटीव्हीत एकमेकांच्या जवळ गेलेलीही दिसत नाहीत. हॉलला खिडकी नव्हती. एसी चालू होता आणि तो तीच हवा त्या तीन टेबलांवरून गोल गोल फिरवत होता. हाँगकाँगच्या संशोधकांनी नंतर, हवा कशी फिरते ते पाहायला, तिथे वायू सोडून मोजमाप केलं. बाहेरची ताजी हवा माणशी सेकंदाला जेमतेम एक लिटर मिळत होती; दहा लिटर तरी हवी. एक्झॉस्ट फॅन होते, पण बंद. त्याच मजल्यावर दुसरीकडे जेवणाऱ्या लोकांना आणि वाढणाऱ्या वेटरांना काही झालं नाही. हे मी दोनदा वाचलं, कारण आमच्या अभ्यासिकेचं चित्र याहून वेगळं नाही. वेगळं असेल तर एवढंच, की हॉटेलात माणूस तासाभराने उठतो. इथे पोरं सकाळी सातला बसतात आणि रात्री दहाला उठतात.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातलं. १० मार्च २०२० ला एका भजनी मंडळासारख्या गायकवृंदाचा सराव झाला. ६१ माणसं, अडीच तास, खोली बंद. त्यातली ५३ आजारी पडली, दोघं दगावली. गाताना श्वास जोरात आणि खोलवर चालतो, त्यामुळे कणही जास्त.

जुलै २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या प्रा. लिडिया मोराव्स्का आणि अमेरिकेतले डॉ. डोनाल्ड मिल्टन यांच्या पुढाकाराने २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून जागतिक आरोग्य संघटनेला हवेकडे पाहा म्हणून सांगितलं. संघटनेने ते तुकड्या-तुकड्यांनी मान्य केलं, आणि रोगजंतू हवेतून पसरतात म्हणजे नेमकं काय म्हणायचं याची नवी सर्वमान्य व्याख्या केली ती एप्रिल २०२४ मध्ये. तोपर्यंत आमचे लोक मास्क हनुवटीवर आणून भाजीला सोडा लावून मोकळे झाले होते.

आम्हा क्षयरोग विभागातल्या माणसांना यात नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. हे सगळं आम्हाला शिकवलेलं होतं. १९३० च्या दशकात अमेरिकेतले संशोधक विल्यम वेल्स यांनी सूक्ष्म कण हवेत तरंगतात हे दाखवलं. १९५० च्या दशकात त्यांनी आणि रिचर्ड रायली यांनी बाल्टिमोरच्या रुग्णालयात क्षयरुग्णांच्या वॉर्डातली हवा नळाने वर नेऊन गिनिपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली. रुग्ण खाली, प्राणी वर, स्पर्शाचा प्रश्नच नाही, तरी गिनिपिगांना क्षय झाला. तीच हवा अतिनील किरणांमधून नेऊन ज्यांना दिली ते गिनिपिग बचावले. आमच्या प्रशिक्षणात याची स्लाइड असायची, जेवणानंतरच्या सत्रात, निम्मे लोक पेंगत असताना.

आणि नुसती परदेशी स्लाइडच नव्हे. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेच २०१० मध्ये हवेतून पसरणाऱ्या संसर्गापासून बचावाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. त्यात साधं लिहिलेलं: रुग्णांना उघड्या, सावलीच्या जागी थांबवा. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा. कर्मचाऱ्याची खुर्ची अशी ठेवा की वारा त्याच्या पाठीमागून येऊन रुग्णाकडे जाईल आणि तिथून बाहेर पडेल. मी दवाखान्यात गेले की पहिली खुर्च्या हलवायचे. नवीन डॉक्टरसाहेब विचारायचे, ‘सिस्टर, वास्तुशास्त्र का?’ मी म्हणायचे, ‘हो साहेब, खात्याचं.’ थुंकीचा नमुना घ्यायचा तर तो खोलीत, संडासात किंवा बोळात कधीच घ्यायचा नाही, अंगणात झाडाखाली घ्यायचा, हे आशाताईंनाही पाठ होतं. पत्र्याच्या एका खोलीत नऊ माणसं राहतात तिथे मी एवढंच सांगू शकायचे की बाबा, छपराखाली वीतभर फट ठेव, आणि औषधं चुकवू नको.

कुणी म्हणेल, मोकळ्या हवेने क्षय बरा होतो ही जुनी समजूत खोटीच ठरली की! बरोबर आहे. पूर्वी आमच्या जिल्ह्यातल्या वानलेसवाडीसारख्या ठिकाणी क्षयरुग्णांना आरोग्यधामात महिनोन्‌महिने ठेवत. १९५९ मध्ये मद्रासच्या अभ्यासाने सिद्ध झालं की औषधं नीट घेतली तर घरी राहणारा रुग्ण आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होतो, आणि घरातल्यांना धोकाही जास्त होत नाही. तिथून आरोग्यधामांची गरज संपली, ते योग्यच झालं. पण बरं करण्याचं काम औषधाचं आणि पसरू न देण्याचं काम हवेचं. ज्याला आजार आहे हे अजून कुणालाच ठाऊक नाही, त्याच्या बाबतीत तर औषध सुरूच झालेलं नसतं. तिथे खिडकीशिवाय दुसरं आहे काय?

म्हणूनच २०२० मध्ये जे झालं त्याचा मला राग येतो. बागा बंद, मैदानं बंद, समुद्रकिनारे बंद. पहाटे एकट्याने चालणाऱ्याला पोलिसांनी भर रस्त्यात उठाबशा काढायला लावल्या. आणि माणसं कुठे कोंडली? दहा बाय दहाच्या खोल्यांत. काही जिल्हा परिषद शिक्षकांनी पारावर, देवळाच्या ओट्यावर चार-चार पोरं लांब लांब बसवून शिकवलं. हवेच्या दृष्टीने त्याहून चांगली शाळा कुठली होती? पण तशी व्यवस्था राज्यभर लावावी असं वरच्या कुणाला सुचलं नाही. ग्रामीण भागात पाचवीपासूनचे आणि शहरांत आठवीपासूनचे वर्ग राज्यभर पुन्हा उघडायला ४ ऑक्टोबर २०२१ उजाडला. त्या काळात ज्या मुली शाळेतून सुटल्या त्यांतल्या कितीतरी लग्न होऊनच परत दिसल्या, हे आमच्या आशाताई सांगतील.

रोगाचा मार्ग नीट समजला नाही की दोष माणसावर जातो. मुंबई-पुण्याहून आलेल्यांना गावच्या वेशीवर अडवलं, हातावर शिक्के मारले, दारावर पाटी लावली, गल्लीला पत्रे ठोकले. क्षयाच्या रुग्णांचं ताट वेगळं ठेवणारी घरं मी नोकरीभर पाहिली होती. २०२० मध्ये तेच ताट अख्ख्या गल्लीचं झालं. आणि त्या गडबडीत खुद्द क्षयरोगाचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. आमची माणसं संपर्क शोधायला लावली, क्षयाचं निदान करणारी ट्रूनॅटची यंत्रं कोविडच्या तपासणीला लावली. २०१९ मध्ये देशात २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. रुग्ण कमी झाले नव्हते, सापडले नाहीत. जगातले साधारण एक चतुर्थांश क्षयरुग्ण आपल्या देशात आहेत, आणि ते कॉलेजात जातात, एसटीने प्रवास करतात, अभ्यासिकेत बसतात.

आता त्या अभ्यासिकेच्या मालकाबद्दल. माणूस वाईट नाही. मी यंत्र दाखवलं तर म्हणाला, ‘मावशी, खिडक्या उघडल्या की धूळ येते, समोरच्या बँजोचा आवाज येतो, एसीचं बिल दीडपट होतं. पोरंच भांडतात.’ यातलं सगळं खरं आहे. मुलांनाही ठाऊक नसतं की स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही; बाहेर टांगलेल्या डब्यातून फक्त उष्णता बाहेर फेकली जाते. आत फिरते ती तीच हवा, गार झालेली. गार म्हणजे ताजी असं सगळ्यांनाच वाटतं. आणि दुपारनंतर डोकं जड होतं, डोळे मिटतात, तेव्हा पोरं चहा प्यायला टपरीवर जातात. चहाने तरतरी येते असं त्यांचं मत. मला वाटतं, निम्मं श्रेय टपरीच्या मोकळ्या हवेला द्यायला हवं.

इलाज महागही नाही. दाराच्या समोरच्या भिंतीत, वरच्या अंगाला, दोन चांगले एक्झॉस्ट फॅन बसवायचे आणि ते चालू ठेवायचे, शोभेला नव्हे. दाराकडून हवा आत येईल अशी जाळीची झडप ठेवायची, म्हणजे हवा खोली ओलांडूनच बाहेर जाईल. आत येणारी वाट आणि बाहेर जाणारी वाट शेजारीशेजारी ठेवली तर पंखे फिरतील, हवा हलणार नाही. तासातून दहा मिनिटं एसी बंद करून सगळं सताड उघडायचं. एवढ्याने २,६०० चे बाराशे झाले तरी पुष्कळ झालं. बिल थोडं वाढेल, ते महिन्याच्या फीत शंभर रुपये वाढवून निघेल. मालकाला मी हे बोलले. ‘बाकीच्यांनी केलं तर मी पण करतो,’ हे त्याचं उत्तर. त्याच्या धंद्याच्या बाजूने पाहिलं तर तेही बरोबरच आहे, म्हणून हे एकट्यादुकट्यावर सोडून भागत नाही. परवाना देताना आग विझवायचं नळकांडं बघतात, तसाच भरल्या खोलीतला हा आकडा बघावा आणि दाराशी लावावा. बेल्जियमने सार्वजनिक जागांतल्या हवेसाठी २०२२ मध्ये कायदाच केला. आपल्याकडे कायद्याचं नंतर पाहू, निदान नगरपालिकांनी स्वतः बांधलेल्या अभ्यासिका आणि मंगल कार्यालयांपासून सुरुवात करायला कुणाची हरकत नसावी.

या मुलांबद्दल मला विशेष वाटतं. हीच ती पिढी जिच्या परीक्षा पुन्हा पुन्हा पुढे गेल्या, जी मार्च २०२१ मध्ये राज्यसेवा परीक्षा ऐन वेळी लांबणीवर पडली म्हणून पुण्यात रस्त्यावर उतरली. वय निघून जाईल या धास्तीने दिवसाचे पंधरा तास बसतात. त्यातल्या एकाला परीक्षेच्या महिन्यात क्षयाचं निदान झालं तर सहा महिन्यांची औषधं आणि वर्ष गेलं.

आपल्याला विनंती अशी. आपल्या वार्ताहराला हे यंत्र घेऊन तालुक्यातल्या अभ्यासिका, खासगी क्लासेस, एसी बस, बँकेच्या शाखा आणि दवाखान्यांच्या प्रतीक्षा खोल्या फिरायला सांगा आणि आकडे छापा. नावं छापू नका, नुसती जागा कसली ते द्या: तळघर, पहिला मजला, खिडक्या किती, माणसं किती, आकडा किती. गर्दीच्या वेळी मोजायचं, उघडल्याबरोबर सकाळी नव्हे. श्वास थेट यंत्रावर सोडायचा नाही, दारापासून आणि माणसाच्या तोंडापासून हातभर लांब ठेवायचं, आकडा स्थिरावेपर्यंत पाच मिनिटं थांबायचं. यंत्र माझ्याकडे आहे. आपल्या कार्यालयात आणून देते, चार्जरसकट. वापरून झालं की परत करावं.

भाचा अजून त्याच अभ्यासिकेत बसतो, तेव्हा कृपया माझं नाव छापू नये.

आपली,
एक निवृत्त क्षयरोग पर्यवेक्षक,
जि. सांगली